वेताळ, मँड्रेक, बहादूर: लहानपणचं इंद्रजाल कॉमिक्स पुन्हा जमवायचं तर

मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला. किंमत ६० पैसे, नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. 'टाइम्स ऑफ इंडिया' काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीचं हे प्रकाशन १९९० पर्यंत चाललं आणि तेवढ्या काळात आठशेहून जास्त अंक बाजारात आले. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांमध्येही ते निघत. ज्यांनी ते वाचनालयात रांग लावून वाचले, मित्राच्या दप्तरातून उसने आणले, जेवताना ताटाशेजारी उघडे ठेवले, त्यांतले बरेच जण आज पन्नाशी-साठीत आहेत. निवृत्ती जवळ आली की किंवा जुनं घर आवरायला काढलं की त्यांना पहिल्यांदा या अंकांची आठवण होते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि आईबाबांसाठी हे अंक शोधू पाहणाऱ्या मुलांसाठीही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तुम्ही मराठीत वाचलं असेल तर मराठी अंकच जमवा, आणि प्रत्येक अंकासोबत तो कोणी, कुठे, कसा वाचला याची नोंद ठेवा. इंग्रजी अंकांच्या याद्या हौशी लोकांनी केव्हाच तयार केल्या आहेत. त्यांना गिऱ्हाईक आहे, त्यामुळे ते जपले जातात. मराठी अंकांकडे मात्र आजही पुष्कळ ठिकाणी किलोवर विकायचा कागद म्हणूनच पाहिलं जातं. तुमच्या हातात आलेला मराठी अंक तुम्ही सांभाळला नाही, तर दुसरं कोणी तो सांभाळेल याची खात्री नाही.

आधी वही, मग बाजार

बहुतेक नवे संग्राहक पहिल्याच दिवशी मोबाइलवर जुनी मुखपृष्ठं बघत बसतात. तसं करू नका. एकदा ती चित्रं डोळ्यांखालून गेली की आपली खरी आठवण कुठली आणि आत्ता पाहिलेलं कुठलं, हे वेगळं काढता येत नाही. चार-पाच संध्याकाळी वही घेऊन बसा आणि जे आठवतं ते आठवेल तसं लिहून काढा. कथेचं नाव आठवलं नाही तरी चालेल. मुखपृष्ठावर कोणता रंग जास्त होता? खलनायकाने काय घातलं होतं? वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा कोणाच्या हनुवटीवर उमटला? गोष्ट समुद्रात घडते की जंगलात? अंक स्वतःचा होता की वाचनालयाचा, सुटा की बाइंडिंग केलेला? तेव्हा तुम्ही कितवीत होता, कोणत्या घरात राहत होता?

शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. इयत्तेवरून साल निघतं आणि सालावरून शोधाचं क्षेत्र एकदम लहान होतं. कथेतही काळाच्या खुणा असतात. बहादूर हा भारतीय नायक इंद्रजालमध्ये डिसेंबर १९७६ मध्ये आला, त्यामुळे तुमच्या आठवणीत बहादूर असेल तर त्याआधीचे अंक चाळायची गरज नाही. वेताळ आणि त्याची मैत्रीण डायना यांचं लग्न मूळ अमेरिकी मालिकेत १९७७ साली झालं आणि किट व हेलॉइझ ही जुळी १९७९ साली जन्मली. आठवणीतल्या गोष्टीत जुळी मुलं खेळत असतील तर तो अंक त्यानंतरचा. डायना अजून मैत्रीण आहे आणि वेताळ तिला भेटायला चष्मा, टोपी आणि लांब कोट घालून शहरात येतो, एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. जुन्या कथा पुन्हा छापल्या जात, हेही ध्यानात ठेवा.

चित्रांच्या शैलीवरूनही बरंच कळतं. ली फॉक यांनी वेताळाची मालिका अमेरिकेत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली. पहिला चित्रकार रे मूर, त्यानंतर विल्सन मकॉय आणि १९६१ पासून साय बॅरी. मकॉय यांची रेघ जाड आणि साधी आहे, चेहरे गोलसर आणि पार्श्वभूमी मोकळी. बॅरी यांची चित्रं भरीव आहेत. त्यांत स्नायू, सावल्या, जंगलातली वेलबुट्टी, सगळं बारकाईने काढलेलं दिसतं. 'माझा वेताळ जरा साधा, जाडसर रेघेचा होता' असं कोणी म्हणालं तर त्याच्या आठवणीतला वेताळ बहुधा मकॉय यांचा असतो. जादूगार मँड्रेकचं तसंच आहे. १९३४ पासून फिल डेव्हिस आणि १९६४ मध्ये ते गेल्यावर फ्रेड फ्रेडरिक्स. डेव्हिस यांचा मँड्रेक जास्त डौलदार वाटतो, हे माझं मत.

काय जमवायचं, किती जमवायचं

सगळेच्या सगळे आठशे अंक गोळा करण्याचा बेत नवख्याने करू नये. पैसे आणि जागा यांच्या आधी उत्साह संपतो. माझ्या मते सगळ्यात चांगली मर्यादा म्हणजे 'मी स्वतः वाचलेले'. वहीतून साधारण तीस-चाळीस आठवणी निघतील, तेवढे अंक हीच पहिली यादी. दुसरी सोपी मर्यादा म्हणजे एकच नायक, किंवा तुम्ही शाळेत होता तेवढी वर्षं.

बहादूरपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. वेताळ आणि मँड्रेक अमेरिकेतून आले. बहादूर इथला, चंबळच्या बाजूच्या डाकूंच्या मुलखातला. डाकू भैरवसिंगचा मुलगा आणि बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवलेला. भगवा कुडता आणि जीन्स घालून, गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारून तो डाकूंशी लढायचा, सोबतीला बेला. आबिद सुरती यांनी तो लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. पुढे जगजित उप्पल यांनीही कथा लिहिल्या. आबिद सुरती यांनीच 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकात वर्षानुवर्षं ढब्बूजी हे व्यंगचित्र काढलं, आणि उतारवयात मीरा रोडला घरोघरी प्लंबर घेऊन जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचं काम सुरू केलं. लोकांसाठी लढणारा नायक ज्याच्या मनातून आला, त्या माणसाने म्हातारपणी हे करावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

अंक ओळखायला शिका

पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ होता. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी इतर मंडळी आलटूनपालटून येऊ लागली. सुरुवातीच्या काही अंकांत वेताळाच्या कथेला थोडीच पानं असत आणि बाकीच्या पानांवर सामान्यज्ञान वगैरे मजकूर. त्यामुळे असा अंक हातात आला तर मधली पानं गहाळ आहेत असं समजून तो परत ठेवू नका. आधी मासिक असलेला अंक पुढे पाक्षिक झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साप्ताहिक.

अंकांच्या क्रमांकांत दोन खाचखळगे आहेत. इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक नाहीतच. मुंबईत टाइम्सच्या छापखान्यातल्या संपामुळे ते निघाले नाहीत. 'दुर्मीळ १२३' म्हणून कोणी काही विकायला आणलं तर हात आखडता घ्या. दुसरं असं, की चारशेच्या पुढे गेल्यावर सरळ क्रमांक बंद होऊन 'खंड अमुक, अंक तमुक' अशी पद्धत सुरू झाली. नवखा माणूस खंड २० चा अंक ५ बघतो आणि तो पाचवा अंक समजून उड्या मारतो. त्याला विकणाराही कधीकधी तसंच समजत असतो. मराठी अंकाचा क्रमांक इंग्रजीच्या यादीशी ताडून पाहताना दोन्हींचा क्रमांक तोच असेल असं गृहीत धरू नका. चित्रं जुळवून मगच नोंद करा. कथेचं मराठी नावही इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर असेलच असं नाही.

नावांमुळेही शोध चुकतो. मूळ मालिकेतल्या वेताळाच्या मुलखाचं नाव बंगालशी गल्लत करणारं असल्यामुळे इंद्रजालने तो 'डेंकाली' केला, आणि त्याचे शत्रू असलेल्या सिंग चाच्यांचे 'सिंगा' चाचे झाले. १९९० नंतर दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने वेताळाचे जाडजूड डायजेस्ट काढले. ते वाचलेली पिढी वेगळी आहे आणि तिच्या आठवणींतली नावंही वेगळी असू शकतात. भावाने डायमंड वाचलं आणि तुम्ही इंद्रजाल, तर दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असूनही एकमेकांना पटणार नाही.

मग खरा अंक ओळखायचा कसा? सगळ्यात आधी मुद्रक-प्रकाशकाची बारीक अक्षरातली ओळ शोधा. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण छापणं सक्तीचं होतं, म्हणून ही ओळ असतेच. मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाचीही ओळख पुष्कळदा तिच्यावरून पटते. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बहुतांशी बी. गोविंद, म्हणजे बहादूर काढणारे तेच गोविंद ब्राह्मणिया, यांनी रंगवली. परदेशी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांपेक्षा ती कितीतरी सरस आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. त्या काळात मलपृष्ठावर भिंतीवर लावायचं चित्रही असे. मुलांनी ते कापून भिंतीवर चिकटवलं, त्यामुळे मलपृष्ठ शाबूत असलेला अंक मिळाला तर तो सोडू नका.

कुठे शोधायचं

पहिली जागा तुमचं स्वतःचं घर. माळा, ट्रंक, दिवाणाखालचा कप्पा, आजोळची फडताळं. मावशीकडे, आत्याकडे, ज्यांच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत जायचात तिथे सगळीकडे विचारा. 'कॉमिक्स आहेत का?' असं विचारलं तर 'कधीच टाकली' असं उत्तर येतं. 'सुट्टीत पोरांनी काढलेल्या लायब्ररीची पेटी कुठे आहे?' असं विचारा. त्या काळी वाड्यांतून आणि चाळींतून मुलं उन्हाळ्यात आपापली पुस्तकं एकत्र करून पाच-दहा पैसे भाड्याने द्यायची. तसल्या पेट्या कोणाकोणाच्या माळ्यावर अजून पडून आहेत.

दुसरी जागा खासगी वाचनालयं. गल्लीबोळातली ही वाचनालयं बंद होताना माल एकगठ्ठा निघतो. मालकांशी आधीच ओळख ठेवा, आपला फोन नंबर देऊन ठेवा. त्यांच्याकडे अंक सहसा बाइंडिंग केलेले असतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

मग रद्दीवाले. एकाच रद्दीवाल्याकडे नियमाने जाणं हे दहा जणांकडे एकदा जाण्यापेक्षा जास्त फळतं. त्याला अंक ओळखता येत नाहीत, म्हणून एक जुना अंक त्याला दाखवा आणि 'असं काही आलं तर बाजूला ठेवा, वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन' एवढं सांगून या. दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे आणि घरं पुनर्विकासाला जाण्याचा काळ हे यांचे हंगाम.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि मंगळवार पेठेतला रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार बघावा. मुंबईत हुतात्मा चौकाच्या परिसरातले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे फूटपाथवरचे पुस्तकवाले. सकाळी लवकर गेलात तर निवड मिळते, उशिरा गेलात तर भाव मिळतो. कोकणात आणि गोव्यात माल मिळतो, पण दमट हवेमुळे गंजलेल्या पिना आणि बुरशी जास्त, तेव्हा तिथे तपासणी कडक करा.

परदेशात राहणाऱ्यांनी ऑनलाइन विक्रेत्यांकडून घेताना किंवा नातेवाइकांकरवी मागवताना आधी प्रत्येक अंकाचे पाच फोटो मागावेत: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधलं पान पिनांसकट, मुद्रकाची ओळ आणि पाठीची घडी. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पानं मोजा. पहिली ही गोष्ट, आणि दुकानात उभं राहूनच करायची. मधला जोडकागद पिनेतून सुटून पडलेला असतो आणि त्याबरोबर गोष्टीची चार पानं जातात. दोन पानांमधला संवाद जुळतो का ते वाचून बघा. मात्र एक लक्षात ठेवा: इंद्रजालमध्ये मूळ मालिकेतल्या चौकटी पानांत बसवण्यासाठी कापल्या जात, त्यामुळे एखादी उडी छापतानाचीच असू शकते.

मग पिना. गंज कागदात उतरला असेल तर पिनेभोवती तपकिरी डाग असतो. तो जुन्या अंकाचा स्वाभाविक डाग आहे, त्याला घाबरू नका. उलट पिवळ्या कागदात चकचकीत नव्या पिना दिसल्या तर चौकशी करा. अंक उसवून परत जोडलेला असतो, आणि काही वेळा दोन अपुऱ्या अंकांचा मिळून एक केलेला असतो.

हल्ली रंगीत प्रती काढून जुन्या म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. साधं भिंग सोबत ठेवा. जुन्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांच्या रांगांनी बनलेला दिसतो आणि ठिकठिकाणी एखादा रंग रेघेच्या किंचित बाहेर सरकलेला असतो. प्रतीत काळ्या अक्षरांच्या कडा अस्पष्ट असतात, कागदाचा जुनेपणाही 'छापलेला' असतो. म्हणजे पिवळेपणा पानभर सारखा दिसतो. खरा कागद कडेने जास्त आणि आत कमी पिवळा पडतो.

बाइंडिंगचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. वाचनालयांत आठ-दहा अंक एकत्र करून पुठ्ठ्यात शिवत. त्यात कडा कापल्या जात, कधी मुखपृष्ठं काढून टाकली जात. बाजारात अशा गठ्ठ्याला कमी किंमत येते. मी मात्र मराठी अंकांचे असे गठ्ठे बेलाशक घ्या म्हणेन. सुटे अंक फाटून संपले, पण शिवलेले टिकले, आणि एखादी कथा आज मराठीत वाचायला मिळते ती अशाच गठ्ठ्यामुळे. गठ्ठा उसवून अंक सुटे करण्याच्या भानगडीत पडू नका. कागद ठिसूळ झालेला असतो, शिवणीपाशी फाटतो, आणि कोणत्या वाचनालयाने कोणते अंक एकत्र ठेवले होते हा पुरावाही जातो.

वाचनालयाचा शिक्का, पहिल्या पानावरचं निळ्या शाईतलं नाव, 'इयत्ता सहावी ब', भाड्याच्या तारखा: यांतलं काहीही खोडू नका. स्वच्छ अंकाला बाजारभाव जास्त असतो हे खरं आहे. पण लहानपण जमवणाऱ्याला शिक्का असलेला अंक जास्त काही सांगतो. गावाचं नाव, वाचनालयाचं नाव, साल, सगळं त्या एका गोल ठशात असतं.

भावाबद्दल थोडंच. ठरावीक दर नाही. ऑनलाइन मागितली जाणारी किंमत आणि प्रत्यक्षात विक्री झाली ती किंमत यांत मोठा फरक असतो, तेव्हा दोन-तीन महिने नुसतं बघा आणि झालेल्या विक्रीच्या किमती वहीत लिहा. रद्दीवाल्याशी घासाघीस करताना फार ताणू नका. दहा रुपये जास्त दिले तर पुढचा गठ्ठा तुमच्यासाठी बाजूला पडतो.

घरी आणल्यावर

नवा आलेला अंक थेट जुन्या अंकांत ठेवायचा नाही. आधी आठ-पंधरा दिवस वेगळ्या पिशवीत. कसर, वाळवी, बुरशी यांतलं काहीही एका अंकाबरोबर आत आलं तर सगळा संग्रह जातो. कागदाचा बारीक भुगा किंवा कडेला कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर अंक हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून, पिशवीतली हवा दाबून काढून, डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटून कागद ओला होतो. बुरशी असेल तर अंक आधी सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यायचा. सुकल्यावर नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने झटकायची. ओल्या बुरशीला फडका लावला तर ती कागदात आणखी आत जाते.

साफसफाई कोरडीच. मऊ कुंचला, पांढरा मऊ खोडरबर, तोही फक्त कोऱ्या कडेवर आणि हलक्या हाताने. ओलं फडकं, पावडर, स्पिरिट, काही नको. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग तो डाग कधीच जात नाही. आधीची लावलेली चिकटपट्टी मात्र ओढून काढायला जाऊ नका, छपाई तिच्याबरोबर निघून येते. लॅमिनेशन तर अजिबात नको. पिन फार गंजली असेल तर आतल्या बाजूने तिचे पाय हळूच सरळ करून ती काढावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारावी.

हे अंक ज्या कागदावर छापले तो स्वस्त कागद. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. ही क्रिया थांबवता येत नाही, पण मंद करता येते. उन्हापासून लांब ठेवा. प्रत्येक अंक पॉलिप्रोपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. पीव्हीसीच्या, वास येणाऱ्या मऊ पिशव्या टाळा, त्या कागदाला चिकटतात. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणं तर सगळ्यात वाईट, कारण त्याचंही आम्ल यात येतं.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. अंकांची पेटी बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवरही नको, चार बोटं उंच ठेवा. पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात दमट होतो, म्हणजे दोन्हीकडून मार. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ते पेटीत ठेवा आणि आकडा साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे जमणं कठीण आहे, म्हणून तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की गरम करून, सुकवून परत वापराव्यात. डांबरगोळ्या पिशवीच्या आत टाकू नका. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सगळी पेटी उघडावी, एकेक अंक बघावा, पंख्याच्या वाऱ्यावर थोडा वेळ ठेवावा. सावलीतच. वाळवण घालतात तसं गच्चीवर उन्हात पसरलंत तर रंग उडतील.

नोंदवही आणि आठवणी

संगणकावर तक्ता करा किंवा जाड वही, पण प्रत्येक अंकासमोर एवढं तरी लिहा: भाषा, क्रमांक किंवा खंड-अंक, तारीख, कथेचं मराठी नाव, नायक, छापील किंमत, अवस्था, कोणाकडून आणि कितीला घेतला, त्यावरचे शिक्के आणि नावं. शेवटचा रकाना मोठा ठेवा, त्यात आठवण लिहायची. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली मूळ आठवण तशीच उतरवा, अंक पाहिल्यावर ती दुरुस्त करू नका. खाली वेगळ्या शाईने 'प्रत्यक्षात असं आहे' लिहा. दोन्हींत पुष्कळदा फरक निघतो. दोन गोष्टींची मिळून एक झालेली असते, आणि मोठ्या भावाने रात्री दिवे गेल्यावर रंगवून सांगितलेला भाग अंकात मुळी नसतोच. तो भाग लिहून ठेवणं अंकाइतकंच महत्त्वाचं, कारण तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

मग इतरांना विचारा. मोठी भावंडं, शाळेतले मित्र, वाचनालय चालवणारे काका. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला. 'कॉमिक्स आवडायचं का?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा अंक हातात द्या आणि विचारा: वाचनालयाचं दिवसाचं भाडं किती होतं? अनामत किती? नवीन अंक कोणत्या वारी यायचा? पहिला कोणाला मिळायचा? घरात कोणाची परवानगी लागायची? अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचताना कोणी पकडलं? मुलींना विचारायला विसरू नका. त्याही वाचायच्या, पण त्यांना कोणी विचारतच नाही, आणि डायनाबद्दल, मँड्रेकच्या नार्डाबद्दल, बेलाबद्दल त्यांची मतं अगदी स्पष्ट असतात.

शिक्क्यावर वाचनालयाचं नाव असेल तर त्या गावी कोणी ओळखीचं आहे का बघा. पहिल्या पानावर नाव असलेल्या माणसाचा शोध लागला तर त्याला अंकाचा फोटो जरूर पाठवा, मात्र त्याचं नाव-पत्ता त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

अंक एकदा सपाट काचेच्या स्कॅनरवर निदान ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) बारकाईने उतरवून ठेवा, म्हणजे वाचण्यासाठी मूळ प्रत वारंवार काढावी लागत नाही. बाइंडिंगचे गठ्ठे स्कॅनरवर दाबू नका. दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढा. या प्रती घरच्या वापरासाठी. वेताळ आणि मँड्रेक यांचे हक्क आजही मालकांकडे आहेत, तेव्हा त्या प्रती विकायला किंवा वाटायला काढू नयेत.

दोन प्रती आल्या तर चांगली ठेवून दुसरी बदलीसाठी राखा. मराठी अंकांच्या बाबतीत पैशांपेक्षा अदलाबदलीने जास्त मिळतं, कारण ज्याच्याकडे आहे त्याला तो विकायचा नसतो, पण त्याच्या यादीतला अंक तुमच्याकडे असेल तर तो बोलायला बसतो. बदली करताना अंकाबरोबर त्याच्या नोंदीची प्रतही द्या, आणि समोरच्याकडून तशीच मागून घ्या.

आणखी एक काम, लवकर उरकून टाकावं असं. पेटीच्या झाकणावर आतून एक कागद लावा. त्यावर आत काय आहे, यादी कुठे ठेवली आहे, घरातल्या कोणाला हे द्यायचं आहे, आणि कोणालाच नको असेल तर कोणत्या संग्राहकाला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरात लिहा. खाली तारीख घाला, आणि दर ऑक्टोबरला पेटी उघडाल तेव्हा फोन नंबर अजून चालू आहे ना ते तपासा.